आबांची मान आणि माझा जबडा

तुमच्यापैकी कुणाचं हाड सरकलं, शीर धरली, मान अडकली, तर खुशाल हाडवैद्याकडे जा. फक्त जाण्याआधी माझ्याकडे चौकशीला येऊ नका. एवढं ऐकलंत तर तुमचंही भलं होईल आणि वैद्याचंही. का ते सांगतो. चहा निवतोय, तो आधी घ्या.

एके काळी या विषयात आमच्या पंचक्रोशीत माझ्याएवढा जाणकार माणूस नव्हता. हाडवैद्याकडे गेल्यावर आधी काय होतं, मग काय होतं, 'कट्ट' असा आवाज नेमका कुठल्या क्षणी येतो, तेव्हा श्वास आत ओढायचा की बाहेर सोडायचा, सगळं मला पाठ होतं. एक बारीकशी गोष्ट तेवढी राहिली होती. मी स्वतः हाडवैद्याकडे कधी गेलो नव्हतो. पण मी पडलो प्राथमिक शाळेचा मास्तर. लंडनलाही मी गेलो नव्हतो, आणि मुलांना थेम्स नदी शिकवत होतोच की.

साल आता नक्की आठवत नाही. पण आमचा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे रत्नागिरीतच मोडत होतो, आणि एसटी आली की माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहत, असे ते दिवस. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून मी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो होतो. बायकोचं नाव शांता. तिचं माहेर मिठबावच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात. काजू, आंब्याची कलमं, थोडं भात.

माझे सासरे आबा हे सहा फुटांचं धूड. मोकाट सुटलेला बैल शिंगाला धरून गोठ्यात आणणारा माणूस. मात्र देवी टोचणारा गावात आला की हे माळ्यावर चढून बसत आणि खाली शिडी ठेवत नसत. बैलाला शिंगं दोनच असतात आणि ती समोरून दिसतात. सुईचं तसं नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर एका रविवारी आबा कलमाखाली उभे राहून आंबे उतरवून घेत होते. मी मागून गेलो आणि सहज हाक मारली, "आबा."

आबांनी डावीकडे मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि ती मान तिथंच राहिली.

म्हणजे अगदी तिथंच. हनुवटी डाव्या खांद्यावर. पुढे येत नाही, मागे जात नाही. चालायचं तर डावा खांदा पुढे काढून कुर्ली खेकड्यासारखं आडवं चालायचं, म्हणजे मग नाक रस्त्याच्या दिशेला येतं. जेवायला बसले तर ताट समोर न ठेवता डाव्या मांडीशेजारी ठेवावं लागलं. दुखत किती होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण घोट घेताना डोळे मिटत होते. हाक मी मारलेली, त्यामुळे घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. आबा तर बघतच होते. त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

एरवी चार दिवस वाट बघितली असती. पण पुढच्या शनिवारी शांताच्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी वेंगुर्ल्याहून येणार होती. मुलाचे वडील नव्हते, सगळा कारभार त्याच्या काकांकडे. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या मानपानाला फार कडक, अशी ख्याती. मागे एका घरी मुलीचा बाप बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला, तर हे लोक चहा तसाच ठेवून उठून आले होते.

रविवारी संध्याकाळी आम्ही घरात तालीम करून बघितली. मी तात्या म्हणून बाकावर बसलो. आबा माझ्यासमोर बसले, तर तोंड स्वयंपाकघराकडे. मग आबा भिंतीकडे तोंड करून बसले, तर नजर माझ्यावर बरोबर आली, पण छाती भिंतीला. जावयाच्या काकांशी भिंतीकडे वळून बसून बोलणारा सासरा तात्यांना कसा चालायचा? सुमन आत जाऊन रडायला लागली.

शांता म्हणाली, "मिठबावच्या बाबल वैद्याकडे न्या आबांका."

"काय नको," आबा म्हणाले. "आपणच सुटात."

"शनवारच्या आत सुटात?"

 तेवढ्यात मी पुढे सरसावलो. म्हटलं, "मी नेतो. हाडवैद्याकडे काय असतं ते मला सगळं माहीत आहे. आबांना आधी नीट समजावून सांगितलं की भीती राहणार नाही." आबांच्या चेहऱ्यावर जरा धीर आला. शांताच्या चेहऱ्यावर आला नाही, पण ते मला पुढे कळलं.

सोमवारी सकाळची एसटी. आबा माझ्या उजव्या हाताला बसले, म्हणजे त्यांची मान थेट माझ्याकडे. आणि मंडळी, असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. वर्गात मुलं खिडकीबाहेर बघतात, घरी शांता चुलीकडे बघते. इथे समोरच्याला तोंड फिरवायची सोयच नाही. मी शुद्ध भाषेत सुरू केलं. शिकवताना मी शुद्धच बोलतो.

"हे बघा आबा, वैद्य आधी नुसता बघेल. घाबरायचं नाही. मग तेल लावेल. मग दोन माणसं येतील."

"दोन माणसा कित्याक?"

"धरायला."

"कोणाक?"

"तुम्हाला. नाहीतर पेशंट उडतो."

"खंय उडता?"

"कुठेही. त्याचा नेम नसतो. म्हणून एक जण पायावर बसतो. मग वैद्य डोकं दोन्ही हातांनी धरतो, हळूच डावीकडे नेल्यासारखं करतो, आणि आपल्याला वाटतं की तो आता डावीकडेच नेणार..."

"आणि?"

"कट्ट."

आबांनी आवंढा गिळला, तो त्या वळलेल्या गळ्यातून तिरका उतरताना मला स्पष्ट दिसला. पुढच्या बाकावरची बाई मान मागे करून ऐकू लागली. श्रोते वाढले की मला राहवत नाही. मी खारेपाटणच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याची मान बसवताना जरा जास्त फिरली, मग दुसऱ्या बाजूनं परत आणावी लागली. असा माणूस खारेपाटणला नव्हता. तो मी एसटी तिठ्यावर वळत असताना तयार केला. पण हेतू चांगला होता. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते कळलं की माणूस निश्चिंत होतो, असं माझं मत होतं.

"माका वाटता वायच बरा वाटाक लागला हा," आबा म्हणाले. "परत जावया."

त्यांची मान हलतही नव्हती. मी त्यांना दंडाला धरून उतरवलं.

पुढे पाऊण तासाची चाल होती. माझ्या पायात नव्या चपला. अर्ध्या वाटेत उजव्या पायाचा अंगठा सोलला आणि मी लंगडायला लागलो. आबा कुर्लीसारखे आडवे, मी लंगडत, असे आम्ही बाबल वैद्याच्या अंगणात शिरलो.

पडवीत चार पेशंट बसले होते. रापणीचं जाळं ओढताना खांदा उतरलेला एक मच्छीमार, मनगट सुजलेली एक बाई, तिच्याबरोबर कंबर धरलेली तिची जाऊ, आणि पाय मोडलेला एक म्हातारा. वैद्य आत कुणाला तरी लेप लावत होते. बसल्या बसल्या मी आबांना उरलेला भाग सांगू लागलो. वर्गात चार मुलं जास्त आली की आवाज आपोआप चढतो, तसा माझा चढला. मान बसवतात कशी, खांदा कसा, मनगट कसं, ज्याचा त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर सांगितलं. थोड्या वेळानं मच्छीमाराला होडीचं काही काम आठवलं, तो उठून गेला. मग त्या दोघी जावा एकमेकींकडे बघून उठल्या. मला एवढंच वाटलं की जागा झाली, आता आबांना नीट टेकून बसता येईल.

वैद्य बाहेर आले. मी मनात पहिलवान धरला होता. हा माणूस काडीसारखा, कमरेला पंचा, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावा.

"पेशंट कोण?"

"हे," मी आबांकडे बोट दाखवून म्हणालो.

"हे," आबा त्याच क्षणी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

वैद्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं. विचार करा, त्यांना काय दिसलं असेल? एक सहा फुटी भरभक्कम माणूस, खांद्यावर पंचा नीट गुंडाळलेला, शेजारच्या माणसाकडे काळजीनं एकटक बघतोय. आणि शेजारी एक घामाघूम किडकिडीत मास्तर, एक पाय उचलून उभा.

"लंगडतास कित्याक?" वैद्यांनी मला विचारलं.

"चप्पल चावली."

"सगळे तसाच सांगतत," आतून वैद्यांची बायको म्हणाली. तीही आता दारात आली होती. "मागच्या बाजारा दिवशी एकटो इलेलो. मोडलेलो हात खिशात घालून म्हणता, भावाक आणलंय. भाव खंयच नाय बरोबर."

मी म्हणालो, "अहो, मी खरोखर पेशंट नाही. ह्यांची मान बघा."

"हंय आपण बोलूचा नाय," वैद्य शांतपणे म्हणाले. "तोंड खोटा बोलता. हाडा खोटा बोलनत नाय. आडवे पडा."

"आबा, तुम्ही सांगा ना."

उभ्या आयुष्यात खोटं बोलला नाही, अशी ज्याच्याबद्दल गाव शपथ घेई, तो माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "जावयबापूंका घाबराक होता. समजुतीन घेवा."

चटई पसरली गेली. मी दोनदा उठायचा प्रयत्न केला, तेव्हा वैद्यांनी बायकोला माझे खांदे धरायला सांगितले आणि आबांना पाय. दोन माणसं लागतात हे मी एसटीत मनचं सांगितलं होतं. त्या दिवसापासून ते खरं झालं. बैलाला आवरणाऱ्या हातांनी आबांनी माझे घोटे धरले. मान वळलेली असल्यामुळे त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, ते अंगणातल्या माडाकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यामुळे त्यांना ते काम सोपं गेलं.

वैद्यांनी सोललेल्या अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठा ओढला, कट्ट. घोटा फिरवला, कट्ट. मी आबांना एका आवाजाची माहिती दिली होती. माणसाच्या शरीरात एवढ्या जागी तो ठेवलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. कमरेपाशी माझी शुद्ध भाषा गेली. "मेलंय, सोडा माका, माका काय झालेला नाय," असं मी ओरडलो ते पार खाली समुद्रापर्यंत गेलं असेल. दर वेळी मी ओरडलो की वैद्य म्हणत, "हां, हंयच होता," आणि पुढचा सांधा धरत.

श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा, हे आठवायला वेळच मिळाला नाही.

शेवटी त्यांचे अंगठे माझ्या कानांखाली आले. तिथे ते थांबले. चाचपून बघितलं. मी बोलत होतो, म्हणजे मी पेशंट नाही हेच सांगत होतो, आणि बोलताना जबडा हलतो तो त्यांनी दोन बोटांनी नीट तपासला.

"ह्यो बघा," ते हळूच म्हणाले. "खरो आजार हंय आसा. ह्यो जबडो किती वर्सा असो चलता?"

"लगीन झाला तेवापासून आमी बघतंव," आबा पायांकडून म्हणाले.

"सांदो सैल झालो. वेळेर इलास."

निर्गुडीचा पाला वाटून आणखी कशाकशात कालवलेला हिरवा लेप दोन्ही गालांना थापला गेला. हनुवटीखालून एक जाड पट्टी घेऊन ती डोक्यावर गच्च बांधली. वर गाठीची दोन टोकं कानासारखी उभी राहिली. लेप वाळला तसा खडखडीत झाला आणि माझं तोंड दातांवर दात ठेवून बंद झालं.

"मी सांगीपर्यंत ही पट्टी सोडूची नाय. बोलूचा नाय. पातळ पेज पियाची." मग ते आबांकडे वळून म्हणाले, "तुमी ह्येंका घराक न्या."

आबांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला दंडाला धरून रस्त्याला लावलं. मी बोटानं त्यांच्या मानेकडे, मग वैद्यांच्या घराकडे, परत मानेकडे दाखवत होतो. "होय होय, घराकच जातंव," आबा म्हणत होते. सकाळपेक्षा त्यांची चाल बरीच हलकी होती.

एसटीत मी आत चढलो तशी बोलणी बंद झाली. आमच्याकडे माणसाचा जबडा असा डोक्यावरून बांधतात तो एकदाच, आणि त्यानंतर तो माणूस एसटीत बसत नाही. एक म्हातारी मला जागा देऊन उभी राहिली आणि हात जोडून उभीच राहिली. कंडक्टरनं आबांनाच विचारलं, "ह्येंचा पण तिकीट काडूचा?"

घरी शांता अंगणात वाट बघत होती. तिनं आधी वडिलांच्या मानेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत मानेकडे.

"आबा, तुमची मान?"

"आसा थंयच."

"आणि ह्येंका काय झाला?"

"ह्येंचो जबडो," आबा म्हणाले. "सैल होतो. वेळेर नेलंय म्हणान बरा."

आणि मग, मंडळी, ओसरीवर बसून आबांनी सगळ्या घराला, मग शेजाऱ्यांना सांगितलं की हाडवैद्याकडे गेल्यावर काय काय होतं. आधी नुसतो बघता. मगे तेल. मगे दोन माणसा लागतत. लोक तोंडं उघडी टाकून ऐकत होते. श्रोत्यांना आबांच्या डाव्या बाजूला बसावं लागत होतं, एवढीच अडचण. दोन ठिकाणी ते चुकीचं सांगत होते आणि मला दुरुस्त करता येत नव्हतं. जबड्यापेक्षा ते जास्त दुखलं.

सुमनची जुनी पाटी घेऊन मी त्यावर लिहिलं, 'पेशंट आबा होते.' शांतानं वाचलं.

"ता आमका ठाऊक आसा," ती म्हणाली. "तुमी चटयेर कित्याक पडलास?"

याचं उत्तर पाटीवर मावणारं नव्हतं.

मंगळवारी शांता स्वतः आबांना घेऊन गेली. जाताना तिनं त्यांना काहीही समजावलं नाही. संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा आबा चक्क समोर बघत, सरळ चालत येत होते. अंगणात थांबून त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं. उजवीकडचा गोठा त्यांनी तिसऱ्या दिवशी बघितला. सुमन धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडणार होती, शांतानं तिला मधेच धरलं.

झालं होतं असं. वैद्यांनी आबांना पाटावर बसवलं, मानेला कोमट तेल लावलं आणि कलमांची चौकशी सुरू केली. यंदा मोहर कसा होता, कुठलं कलम धरलं, कुठलं फसलं. आबा फसलेल्या कलमाबद्दल तावातावानं सांगत होते. वैद्य बोटांनी हळूहळू चोळत होते. सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "आता तुमी सुरू करा." वैद्य म्हणाले, "झाला. उठा."

"कट्ट काय झाला नाय," आबा मला म्हणाले. आवाजात तक्रार होती. "धरूक पण कोण इलो नाय. तुमी सांगितलास त्यातला एक पण झाला नाय, मास्तर."

मी पाटी पुढे केली: 'माझी पट्टी?'

"रवांदे म्हणाले अजून," शांता म्हणाली आणि तेलाची बाटली ठेवायला आत गेली.

शनिवारी वेंगुर्ल्याची मंडळी आली. मला कुठे ठेवायचं यावर सकाळी घरात चर्चा झाली. मोठा जावई दिसला नाही तर तात्या त्याचाही अर्थ काढणार. शेवटी डोक्यावरच्या गाठीवर काळी टोपी बसवली, गालांवरून उपरणं घेतलं, आणि दाढ दुखते असं सांगायचं ठरलं. मी माजघराच्या दाराशी बसलो.

आबा तात्यांच्या बरोब्बर समोर, छातीसमोर छाती आणि नाकासमोर नाक. पण तात्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. एक सांगायचं राहिलं, तात्यांना बोलायची विलक्षण आवड होती. त्यांच्या घरात सगळेच बोलणारे, त्यामुळे त्यांचं कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. ते माझ्या शेजारी येऊन बसले. काजूच्या कारखान्यातल्या बायका, बंदरात पूर्वी लागायची ती गलबतं, त्यांच्या पायातला वात, दोन तास. मी मान हलवत होतो. मधे मधे मला इतकं बोलावंसं वाटे की डोळ्यांत पाणी येई. तात्यांना ते दिसलं.

"मास्तरानू," ते म्हणाले, "लग्न पावसाआधी धरूया की दिवाळी झाल्यार? तुमका काय वाटता?"

माझं या बाबतीत ठाम मत होतं, त्याला पाच कारणंही होती. ती सगळी दातांच्या आत अडकली. मी कासावीस होऊन वर आढ्याकडे बघितलं.

"बरोबर," तात्या म्हणाले. "देवाक इचारल्याशिवाय आपण कोण ठरवणारे?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्या घरात असो जावई आसा, थंय आमची काय एक अट नाय."

सुमनचा साखरपुडा झाला. पेढा माझ्या हातात ठेवला गेला आणि मी तो हातातच धरून बसलो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, तर मी पेज पीत होतो आणि शांता बोलत होती. सकाळी उन्हात आंब्याच्या रसाची साठं वाळत घालताना, दुपारी काजूगर सोलताना, ती माझ्याजवळ बसे आणि सांगत राही. लहानपणचं, कुणाकुणाचं, कधीकधीचं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिला एवढं बोलता येतं याची मला कल्पनाच नव्हती. मी तिच्याकडे बघून मान हलवायचो. ती हसायची, परत सांगायला लागायची. मधेच म्हणायची, "आयकतास मां?" मी आणखी जोरात मान हलवायचो.

गुरुवारी ती म्हणाली, "चला, आज पट्टी सोडून येवया."

आम्ही दोघं मिठबावला गेलो. पडवी पेशंटांनी भरलेली होती. बाबल वैद्यांनी कोमट पाण्यानं लेप भिजवला, पट्टी उलगडली, दोन बोटांनी जबडा वरखाली करून बघितला. "बोला."

दहा दिवसांनी माझं तोंड उघडलं. मी पहिलं वाक्य बोललो, "माझा जबडा खरोखर सरकला होता का हो?"

"नाय," वैद्य म्हणाले. "बरो भक्कम आसा."

"मग ही पट्टी?"

"त्या दिवसा पडवेर चार पेशंट होते. तुमी बोलाक लागलास आणि एक उरलो. तो पण पाय मोडलेलो म्हणान." ते हात पुसत होते, आवाज तसाच हळू. "मगे तुमच्या सासऱ्यांची मान. ती माका अंगणातच दिसलेली. पण तुमी घातलेली भीती उतरल्याशिवाय ती सुटाची नाय."

मी म्हणालो, "पण त्यासाठी दहा दिवस?"

"धा दिवस?" वैद्य पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलले. "मी तुमच्या बायलेक मंगळवारीच सांगितलंय. आता सोडल्यास तरी चलात म्हणान."

मी शांताकडे बघितलं. ती पडवीतल्या त्या मनगट सुजलेल्या बाईशी काहीतरी बोलण्यात गढलेली होती.

परत निघालो. मंगळवार ते शनिवार मी समजू शकत होतो. तात्या होते, साखरपुडा होता. पण शनिवार ते गुरुवार कशासाठी? पाऊण तासाची वाट होती, जबडा मोकळा होता, आणि हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. एवढ्यात शांता माझ्याजवळ येऊन चालू लागली. चेहरा खुशीत होता.

"काल मी खंयपर्यंत सांगितलेलंय?" तिनं विचारलं.

आता तुमच्यापासून काय लपवू? दहा दिवस तिच्याकडे बघून मी मान हलवत होतो, आणि मनातल्या मनात पट्टी सुटल्यावर वैद्याला काय काय सुनवायचं त्या भाषणाची उजळणी करत होतो. पण मास्तर माणूस मी, उत्तर येत नाही असं कसं म्हणणार?

"तुझ्या आत्याच्या म्हशीपर्यंत," मी ठोकून दिलं.

शांता चालता चालता थांबली.

"माका आत्या नाय," ती म्हणाली.